पशुधनाचे जनुक-नकाशे आणि आपला गोठा

धानाच्या बांधीत चिखलणीला थोराड बैल चालत नाही. तो रुततो, लवकर दमतो आणि त्याचा चारा लहान शेतकऱ्याला पुरवत नाही. म्हणून पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या बुटका, हलका, काटक बैल राखला. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यातल्या अशा गोवंशाला 'कठाणी' म्हणतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 2023 च्या आरंभी दहा नव्या पशुजातींची नोंदणी जाहीर केली, तेव्हा त्या यादीत कठाणी गाय होती आणि अकोला, अमरावती, बुलडाण्याकडची पूर्णाथडी म्हैसही होती. ही नोंदणी कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरो करतो. एवढी शतके नांगर ओढल्यावर या जनावराला सरकारदरबारी नाव मिळाले.

नाव मिळाले, तरी नकाशावर ते जनावर शोधायला गेलात तर वेगळाच अनुभव येतो. मोहाडी तालुक्यातल्या करडीत बसून मोबाइलवर गायीचा जनुकीय नकाशा उघडता येतो, फुकट आणि परवानगीशिवाय. पण पडद्यावर जी गाय दिसते ती अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातली, डॉमिनेट नावाची, हियरफर्ड जातीची. 25 देशांतील 300 हून अधिक शास्त्रज्ञांनी सहा वर्षे खपून तिचा संपूर्ण डीएनए वाचला आणि एप्रिल 2009 मध्ये तो प्रसिद्ध केला. सुमारे 270 कोटी अक्षरे, त्यांत अंदाजे 22,000 जनुके. जगभरातले गोवंशाचे संशोधन आजही याच एका मांसाच्या जातीच्या गायीला संदर्भ धरून चालते.

मग कठाणी, गवळाऊ गाय किंवा नागपुरी म्हैस पाळणाऱ्या मुलखातल्या माणसाने हा नकाशा उघडून करायचे काय? पुढच्या पानांचा विषय हाच आहे. पशुधनाचे जनुकीय नकाशे पडद्यावर दाखवणारी आणि दोन नकाशे शेजारी ठेवून ताडून पाहू देणारी जी सॉफ्टवेअरे आज उपलब्ध आहेत, त्यांची ओळख मराठीतून करून देण्याचा हा प्रयत्न आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. ज्यांच्या जनावरांचा नकाशा कोणी काढलेला नाही, त्यांना दुसऱ्यांच्या नकाशांची तुलना करूनच आपले जनावर समजून घ्यावे लागते. म्हणून या सॉफ्टवेअरांमधला तुलनेचा भाग आपण आधी आणि नीट शिकला पाहिजे. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत तो बहुधा शेवटी येतो. आपल्यासाठी तो पहिला धडा आहे.

तुलनेतून काय हाती लागते याचा सर्वांत चांगला दाखला महाराष्ट्रातच आहे. तो साताऱ्याजवळच्या फलटणचा. बनबिहारी निंबकर यांनी 1968 मध्ये तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था उभी केली. दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते आणि मेंढपाळाचे उत्पन्न तर जवळपास सगळे कोकरांच्या विक्रीवर. बंगालच्या सुंदरबनातली गारोळ मेंढी मात्र अंगाने अगदी लहान असून दोन-तीन कोकरे सहज देते. निंबकरांनी गारोळ मेंढ्या फलटणला आणल्या. त्यांची कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी पुढची अनेक वर्षे हे काम शास्त्रशुद्ध पद्धतीने चालवले. लोणंद भागातल्या दख्खनी मेंढीत गारोळचा हा एकच गुण उतरवायचा, मेंढीचा बांधा, काटकपणा आणि चालण्याची ताकद दख्खनीचीच ठेवायची, असा त्यांचा बेत होता. त्यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. (चंदाताई इरावती कर्वे यांची नात. माणसांच्या वंशांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या बाईंच्या घरात पुढे मेंढ्यांच्या वंशाचा अभ्यास व्हावा, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते.)

एकच गुण उतरवायचा तर तो कुठल्या कोकरात उतरला आहे हे कळायला हवे. मेंढी विते तेव्हा कळते, पण तोवर वर्ष-दोन वर्षे जातात. आणि नरात तर हा गुण दिसतच नाही. त्यासाठी जनुक कुठे आहे ते सापडायला हवे होते. तेवढे काम नकाशांनी केले.

जुळ्या-तिळ्यांचा हा गुण ऑस्ट्रेलियातल्या बूरूला मेंढ्यांत शास्त्रज्ञांनी आधी अभ्यासला होता. 1990 च्या दशकाच्या आरंभी मेंढीचा नकाशा जवळजवळ कोरा होता. ठिकाणे कळलेली जनुके अगदी थोडी. माणसाचा नकाशा बराच भरलेला होता. न्यूझीलंडच्या संशोधकांनी 1993 मध्ये दाखवले की बूरूलाचा गुण डीएनएवरच्या ज्या ओळखीच्या खुणांसोबत वारसाने जातो, त्या खुणा माणसाच्या चौथ्या गुणसूत्राच्या एका तुकड्याशी जुळतात. मेंढीत तो तुकडा सहाव्या गुणसूत्रावर आहे. आता शोधायचा टापू ठरला. माणसाच्या चौथ्या गुणसूत्रावरच्या त्या तुकड्यात कोणती जनुके आहेत हे पाहायचे आणि मेंढीत त्यांपैकी कोणते बिघडले आहे ते तपासायचे. 2001 मध्ये तीन स्वतंत्र गटांनी एकाच सुमारास उत्तर काढले. जनुकाचे नाव बीएमपीआर1बी. त्यात डीएनएच्या एका अक्षराचा फरक, त्यामुळे प्रथिनाच्या 249 व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन, आणि त्यामुळे मेंढीच्या बीजकोशातून एका वेळी जास्त अंडी सुटतात.

त्यानंतर गारोळ मेंढी तपासली, तर तिच्यातही नेमका तोच बदल निघाला. 1792-93 मध्ये कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्याची नोंद आहे. म्हणजे ज्या गुणाचा शोध साऱ्या जगाने ऑस्ट्रेलियात घेतला, त्याचे मूळ गाव सुंदरबन असावे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने रक्ताच्या नमुन्यावरून हा बदल ओळखण्याची चाचणी फलटणच्या मेंढ्यांसाठी वापरात आली. कोकरू लहान असतानाच, नर असो की मादी, त्याच्यात हा बदल जनुकाच्या एका प्रतीत आहे, दोन प्रतींत आहे की मुळीच नाही, हे कळू लागले. कोणता नर राखायचा याचा निर्णय त्यावर होऊ लागला.

ही हकीकत मी मुद्दाम सविस्तर सांगितली. माणसाचा आणि मेंढीचा नकाशा एकमेकांवर ठेवल्याशिवाय, आणि ऑस्ट्रेलिया, बंगाल, फलटणच्या मेंढ्या ताडून पाहिल्याशिवाय हे घडले नसते. त्या वेळी हे ताडून पाहणे शास्त्रज्ञांना कागदावर, तक्ते समोर मांडून, महिनोन्‌महिने करावे लागले. आज तेच काम सॉफ्टवेअर काही क्षणांत पडद्यावर करून दाखवते, आणि तेच बीएमपीआर1बी जनुक मेंढीत, शेळीत, गायीत आणि माणसात शेजारी-शेजारी पाहता येते.

आता गाय आणि म्हैस. आपल्या बहुतेक गोठ्यांत दोन्ही असतात. गायीच्या पेशीत 60 गुणसूत्रे असतात, आपल्या नदी-म्हशीत 50. हा दहाचा फरक पाहून वाटते की दोघींच्या जनुकांची मांडणी फारच निराळी असणार. तसे नाही. म्हशीची पहिली पाच गुणसूत्रे मोठी आणि दोन भुजांची आहेत. त्यांतले प्रत्येक गायीच्या दोन गुणसूत्रांचा सांधा आहे. गायीची 1 आणि 27 मिळून म्हशीचे पहिले, 2 आणि 23 मिळून दुसरे, 8 आणि 19 मिळून तिसरे, 5 आणि 28 मिळून चौथे, 16 आणि 29 मिळून पाचवे. पाच जोड्यांचे पाच सांधे झाले, म्हणजे एका संचात पाच गुणसूत्रे कमी झाली; पेशीत असे दोन संच असतात, म्हणून एकूण दहा. साठातून दहा गेले, पन्नास उरले. बाकीची जवळजवळ जशीच्या तशी आहेत, फक्त क्रमांक बदलले. तुलना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डावीकडे गायीचे पहिले गुणसूत्र आणि उजवीकडे म्हशीचे पहिले गुणसूत्र ठेवले की समान जनुकांना जोडणाऱ्या रेषा समांतर जातात. एखादा तुकडा उलटा फिरलेला असेल तिथे त्या एकमेकींना छेदतात. हे चित्र एकदा डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी गुणसूत्रांच्या उत्क्रांतीवरचे दहा धडे पाठ करणाऱ्याहून जास्त शिकतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा व्यवहारात उपयोग काय? दुधातल्या केसीन प्रथिनांची जनुके गायीत सहाव्या गुणसूत्रावर एका गटात आहेत. शेळी-मेंढीतही सहाव्यावर. म्हशीत तो गट सातव्यावर सापडतो, कारण गायीचे सहावे तेच म्हशीचे सातवे. माणसात तो चौथ्यावर आहे. अलीकडे गावोगावी ए1 आणि ए2 दुधाची चर्चा चालते. तो सगळा वाद या गटातल्या बीटा-केसीन जनुकाचा आणि त्यातल्या 67 व्या जागेचा आहे. तिथे प्रोलीन असेल तर ए2, हिस्टिडीन असेल तर ए1. आपल्या देशी गायींत मुख्यत्वे ए2 आढळतो, म्हशीतही ए2च. जाहिरातींवर विश्वास ठेवण्याआधी किंवा त्या झिडकारण्याआधी ही जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे आता कोणालाही शक्य आहे.

या सॉफ्टवेअरांचा इतिहास थोडक्यात. 1994 मध्ये गायीचे पहिले विस्तृत अनुबंध-नकाशे (खुणा वारसाने किती वेळा सोबत जातात यावरून काढलेले) प्रसिद्ध झाले, 1995 मध्ये मेंढीचा आला. ते छापील तक्ते होते. स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेने, जिथे 1996 मध्ये डॉली मेंढी जन्मली त्याच संस्थेने, गाय, मेंढी, डुक्कर, कोंबडी अशा पाळीव प्राण्यांच्या नकाशांचा 'आर्कडीबी' हा साठा इंटरनेटवर खुला केला आणि त्यातले नकाशे चित्ररूपात काढून दाखवणारा 'अ‍ॅन्युबिस' हा दर्शक त्याला जोडला. पुढे 2000 च्या सुमारास माणसाच्या जीनोमसाठी, म्हणजे संपूर्ण डीएनएसाठी, केंब्रिजजवळ 'एन्सेम्बल' आणि कॅलिफोर्नियात 'यूसीएससी जीनोम ब्राउझर' सुरू झाले. त्यांत हळूहळू गाय, मेंढी, शेळी, डुक्कर, कोंबडी आली. आयोवा स्टेट विद्यापीठातल्या 'अ‍ॅनिमल क्यूटीएलडीबी'मध्ये दूध, फॅट, वजन, रोगप्रतिकार अशा गुणांच्या जागा गुणसूत्रांवर मांडलेल्या आहेत. म्हशीचा नकाशा अमेरिकेच्या एनसीबीआयच्या 'जीनोम डेटा व्ह्यूअर'मध्ये पाहता येतो. 'जेब्राउझ' हे सॉफ्टवेअर तर आपल्या संगणकावर उतरवून घेता येते. माहितीच्या फायली एकदा आणल्या की इंटरनेट नसतानाही ते चालते, आणि आपल्याकडच्या कॉलेजांत ही सोय फार मोलाची आहे.

नव्या वाचकाला सर्वांत जास्त त्रास होतो तो नकाशाच्या आवृत्त्यांचा. एकाच जनुकाचा पत्ता एका लेखात एक आणि दुसऱ्या लेखात लाखो अक्षरे पुढे-मागे दिलेला आढळतो. आपल्याकडे जुना खसरा नंबर आणि गटबंदीनंतरचा गट नंबर यांचा गोंधळ होतो, तसेच हे आहे. जमीन जागच्या जागी असते, क्रमांक बदललेला असतो. गायीच्या नकाशाच्या 'यूएमडी 3.1' या आवृत्तीतला पत्ता 2018 मधल्या 'एआरएस-यूसीडी 1.2' या आवृत्तीत टाकला तर आपण भलत्याच ठिकाणी पोचतो. जुना पत्ता नव्यात बदलून देणारी साधने यूसीएससीकडे आहेत. ती वापरण्याची सवय लागली पाहिजे. शिवाय जुने अनुबंध-नकाशे सेंटिमॉर्गनमध्ये मोजलेले असतात, म्हणजे दोन खुणा वारसाने जाताना किती वेळा फारकत घेतात यावरून काढलेले अंतर. नवे नकाशे डीएनएची अक्षरे मोजतात. एक सेंटिमॉर्गन म्हणजे ढोबळमानाने दहा लाख अक्षरे. पण गुणसूत्राच्या काही भागांत हे गणित साफ चुकते आणि दोन प्रकारचे नकाशे शेजारी ठेवले की ते कुठे चुकते तेही दिसते. खुणांच्या नावांतही माहिती दडलेली असते. ईटीएचने सुरू होणारी खूण झुरिकच्या प्रयोगशाळेतली, आयएलएसटीएसची नैरोबीतली, ओएआरची मेंढीतून शोधलेली. कर्नालच्या ब्यूरोने आपल्या अनेक देशी जातींची विविधता मोजली ती अशाच परदेशात सापडलेल्या खुणा वापरून.

गेल्या काही वर्षांत आपल्या जनावरांच्या जवळचे नकाशे तयार होऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड विद्यापीठाच्या पुढाकाराने 2019 मध्ये भूमध्यसागरी म्हशीचा उत्तम नकाशा आला, 2020 मध्ये ब्राह्मण जातीच्या गायीचा. ब्राह्मण ही अमेरिकेत घडलेली जात, पण तिचे पूर्वज गीर, कांकरेज, ओंगोल हे आपलेच. गवळाऊचे ओंगोलशी नाते जुन्या पशुतज्ज्ञांनी सांगितलेले आहे. म्हणून वर्धा-नागपूरकडच्या गवळाऊचा अभ्यास करणाऱ्याने हियरफर्डसोबत ब्राह्मणचा नकाशाही उघडावा, असा माझा आग्रह आहे. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने मुऱ्हा म्हशीचा नकाशा तयार केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने 2021 मध्ये देशी गोवंशासाठी 'इंडिगौ' ही चिप काढली. आणि 5 ऑक्टोबर 2024 रोजी आपल्या विदर्भातच, वाशीमला, पंतप्रधानांच्या हस्ते गायींसाठी 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' यांचे लोकार्पण झाले. चिप म्हणजे जीनोममधल्या हजारो ठरावीक जागांवर कोणते अक्षर आहे हे एका फटक्यात वाचणारी चाचणी. त्या जागा नकाशावरूनच निवडलेल्या असतात. चिपचा निकाल हाती आला आणि नकाशा वाचता येत नसेल, तर तो कागद निरुपयोगी आहे.

इथे मला या नकाशांची सर्वांत मोठी उणीव सांगितली पाहिजे. अ‍ॅनिमल क्यूटीएलडीबी उघडून पाहा. होल्स्टीनच्या दुधाबद्दल, फॅटबद्दल, मांसाच्या प्रतीबद्दल नोंदींचा खच पडलेला आहे, कारण त्या देशांत दर जनावराचे दर वेताचे दूध पिढ्यानपिढ्या लिहून ठेवले गेले. कठाणी बैल दिवसभर चिखलात ओढतो, भातकाणावर तगतो, पावसाळ्यात पायाने अधू होत नाही, यांतला एकही गुण तिथे नोंदलेला नाही. झाडीपट्टीत शंकरपटाची परंपरा आहे. कुठल्या जोडीने किती सेकंदांत पट मारला हे गावागावांत तोंडपाठ असते, पण तो बैल कोणत्या वळूचा, कोणत्या गायीचा, हे लिहिलेले नसते. जनुक-नकाशा जागा दाखवतो. त्या जागेचा जनावराच्या अंगावर काय परिणाम होतो हे गोठ्यातल्या नोंदीशिवाय कोणत्याही सॉफ्टवेअरला कळत नाही. आज जनावराच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आहे, 'भारत पशुधन' प्रणालीत त्याची नोंद होते. त्या क्रमांकाखाली वळू, वेत, दूध, आजार आणि कामाची ताकद प्रामाणिकपणे लिहिली गेली, तर दहा वर्षांनी कठाणीबद्दल जगाला सांगण्यासारखे काही आपल्या हाती असेल. नाही लिहिली, तर आपल्या जनावरांना आपण कायम परक्या जातींच्या गुणांच्या फूटपट्टीनेच मोजत राहू आणि त्यात ती कमीच भरतील. जास्त दुधाच्या ओढीने केलेल्या बेसुमार संकरात हे आधी घडून गेले आहे.

हे लेखन कोणासाठी आहे? नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडावे, पण माझ्या डोळ्यांसमोर मुख्यतः तालुक्याच्या दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक, कृत्रिम रेतन करणारी तरुण मुले, जीवशास्त्राचे शिक्षक आणि गोठा सांभाळून बी.एस्सी. करणारी मुलेमुली आहेत. इंग्रजीची भीती हा यातला खरा अडसर नाही. पडद्यावरचे बहुतेक शब्द जनुकांची आखूड नावे आणि आकडे आहेत, ते आठवड्याभरात ओळखीचे होतात. अडसर आहे तो 'हे आपल्यासाठी नाही' या समजाचा. नकाशांचा हा साठा सार्वजनिक पैशातून उभा राहिला आणि मुद्दाम सर्वांसाठी खुला ठेवला गेला. त्यावर करडीतल्या विद्यार्थ्याचा हक्क केंब्रिजमधल्या संशोधकाइतकाच आहे.

पुढची प्रकरणे वाचताना संगणक किंवा मोबाइल समोर असू द्या, नुसती वाचू नका. पहिल्याच बैठकीत एन्सेम्बल उघडून मेंढी निवडा, रोमन अक्षरांत बीएमपीआर1बी हे नाव टाका, सहावे गुणसूत्र पाहा, मग शेजारी माणसाचे चौथे गुणसूत्र आणा. त्यानंतर केसीनची जनुके गायीच्या सहाव्यावर शोधा आणि एनसीबीआयच्या दर्शकात म्हशीच्या सातव्यावर. आणि त्याच दिवशी संध्याकाळी आपल्या गोठ्यातल्या प्रत्येक जनावराच्या बिल्ल्याचा क्रमांक, त्याची आई, बाप आणि आजवरची वेते एका वहीत लिहायला घ्या.